तुरटी, मंजिष्ठा आणि एथेल

कांद्याची सालं टाकू नका, मला हवीत, असं म्हटलं की आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघतात. गेल्या हिवाळ्यात ती सालं उकळून लोकर रंगवायचा घाट मी घातला होता. पहिल्या खेपेला फजिती! बाजारातून आणलेला पांढरा गुंडा तासभर पातेल्यात उकळला, पाणी चहासारखं लाल झालं, गुंडा मात्र होता तसा पांढरा. मग कळलं की ती लोकर नव्हतीच, अ‍ॅक्रिलिक होतं. (तुम्हालाही शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटानं चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.) दुसऱ्या खेपेला हिमाचलहून आलेली खरी लोकर घेतली. आधी तुरटीच्या पाण्यात, मग सालांच्या पाण्यात. असा काही सोनेरी-नारिंगी रंग चढला की ती लड मी दोन दिवस नुसती दोरीवर टांगून बघत होते.

या नादापायी वाचत वाचत मी ज्या बाईपाशी पोचले, तिची गोष्ट आज सांगायची आहे. तिचं नाव एथेल मेअरे. विणकरांच्या जगात तिला मोठा मान आहे, पण आपल्याकडे तिच्यापेक्षा तिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव लोकांना जास्त माहीत. आनंद कुमारस्वामी! नटराजाच्या मूर्तीचा अर्थ साऱ्या जगाला समजावून सांगणारे पंडित. त्यांच्याविषयी काही वाचायला घेतलं, की एखाद्या वाक्यात ही पहिली पत्नी येते आणि पुढच्या वाक्यात निघून जाते. मला त्या दोन वाक्यांच्या मधल्या बाईबद्दल कुतूहल वाटलं.

एथेल पार्ट्रिज १८७२ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, बार्नस्टेपल नावाच्या गावात जन्मली. वडिलांचं औषधाचं दुकान होतं. बरण्या, तराजू, ग्रॅमभर इकडेतिकडे झालं तरी चालणार नाही असं ते काम. पुढं रंगाची प्रत्येक कृती वजनासकट लिहून ठेवणारी ही बाई बघितली की मला ते दुकान आठवतं. शिकली मात्र ती पियानो. १८९९ मध्ये पियानो शिकवायची परीक्षा पास झाली आणि लंडनला, मग जर्मनीत बॉनला, लोकांच्या मुलांना घरी राहून शिकवायची नोकरी केली. त्या काळी शिकलेल्या, बेताच्या घरच्या मुलीला एवढीच वाट होती.

१९०२ मध्ये तिचं कुमारस्वामींशी लग्न झालं. ते वडिलांकडून सिलोनचे तमीळ, आई इंग्रज. वयानं तिच्याहून पाच वर्षांनी लहान. शिक्षणानं भूगर्भशास्त्रज्ञ. सिलोनच्या खनिजांची पाहणी करायचं काम त्यांना मिळालं आणि नवरा-बायको सिलोनला गेली. दगड शोधायला गावोगाव फिरायचं, पण दोघांचं लक्ष दगडांवरून केव्हाच उडालं. कुंभार, सोनार, विणकर, भरतकाम करणाऱ्या बायका… आणि कारखान्याचा स्वस्त माल येऊन हे सगळं डोळ्यांदेखत बुडत चाललेलं. दोघांनी मिळून ते टिपायला सुरुवात केली. एथेल फोटो काढायची, भरतकाम आणि कापड बारकाईनं बघायची, टिपणं करायची.

१९०७ मध्ये ती इंग्लंडला परतली आणि ब्रॉड कॅम्पडन नावाच्या खेड्यात एका जुन्या चॅपेलच्या वास्तूत राहू लागली. सिलोनच्या कारागिरीवरचा मोठा ग्रंथ तिथेच छापला गेला, १९०८ मध्ये. ग्रंथावर नाव एकाचंच, कुमारस्वामींचं. आता यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही, त्या काळची रीतच ती. पण फोटो तिचे, पायपीट तिची, हे विसरू नये इतकंच.

याच घरात लोकर शिरली. आजूबाजूला हातानं वस्तू घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. एथेलनं कातायला, रंगवायला, विणायला घेतलं ते हौस म्हणूनच. सिलोनमध्ये दुसऱ्यांचे हात बघून झाले होते, आता आपल्या हाताला येतं का ते तिला बघायचं होतं. चरखा म्हटलं की आपल्याला गांधीजी आठवतात. त्यांच्या आश्रमात चरखा फिरायला लागला त्याच्याही आधी ही बाई इंग्लंडच्या खेड्यात लोकर कातत बसली होती!

१९१० मध्ये दोघं हिंदुस्थानात आली. ती इथलं कापड बघत, जमवत होती. आणि याच सुमारास संसाराचा धागा तुटला. कुमारस्वामींचं मन अ‍ॅलिस रिचर्डसन या इंग्रज तरुणीत गुंतलं होतं. ही अ‍ॅलिस पुढं रतनदेवी या नावानं हिंदुस्थानी गाणी गायला लागली, गाजलीही. एथेल चाळिशीला टेकलेली, मूल नाही, ज्या कामात आठ वर्षं घातली त्यावर नाव दुसऱ्याचं. ती माहेरच्या डेव्हन परगण्यात परत गेली आणि तिनं घर बांधलं. त्या घरात राहायच्या खोल्या होत्याच, शिवाय मागाची जागा होती आणि रंग उकळायची वेगळी जागा होती. माझ्या मते तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. रंगाची भांडी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून उठून आपल्या हक्काच्या खोलीत गेली. आपल्यापैकी किती जणींच्या शिलाई मशीनला अजून घरात ठरलेली जागा नसते!

१९१३ मध्ये तिनं फिलिप मेअरेशी लग्न केलं. हा तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. पहिल्या महायुद्धात लढायला जायचं त्यानं नाकारलं आणि तुरुंगात गेला. पुढं तो लंडनच्या लेखक-संपादकांच्या जगात रमला आणि हेही लग्न हळूहळू विरत गेलं. आडनाव तेवढं तिनं ठेवलं.

पण आता रंगाकडे येऊ, कारण एथेलचा खरा पराक्रम तिथं आहे. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या पोरसवदा इंग्रजानं डांबरापासून जांभळा रंग काढला आणि नंतरच्या पन्नास वर्षांत झाडापानांचे रंग घराघरातून हद्दपार झाले. कृती आजीच्या डोक्यात होत्या, त्या आजीबरोबर गेल्या. एथेलनं काय केलं? जुनी पुस्तकं धुंडाळली, कृती गोळा केल्या, स्वतः पातेलं चढवून बघितल्या आणि १९१६ मध्ये वनस्पतिरंगांवर एक छोटं पुस्तक काढलं. मुहूर्त कसा साधला बघा! तेव्हाचे कारखान्याचे रंग बहुतेक जर्मनीहून यायचे आणि युद्धामुळे ते इंग्लंडला मिळेनासे झाले होते. या पुस्तकावर मात्र नाव तिचं, एकटीचं.

या पुस्तकात गूढ असं काही नाही, सगळा मामला आपल्या ओळखीचा. लोकर नुसती रंगाच्या पाण्यात टाकली तर बहुतेक रंग धुण्यात निघून जातात. म्हणून आधी तिला रंग धरून ठेवणारं काहीतरी पाजायचं, आणि त्यात पहिला मान तुरटीचा. जुन्या हिशोबात लोकरीच्या वजनाच्या पाव पट तुरटी घेत. आजकाल याच्या निम्म्यावरही भागवतात. लाल रंगासाठी मॅडर नावाची मुळी, म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण. हिची गोम अशी की पाणी हळूहळू तापवायचं आणि उकळी फुटू द्यायची नाही. उकळलं की लालाचा विटकरी झालाच म्हणून समजा. निळ्यासाठी नीळ. तिची तऱ्हाच निराळी, तिला तुरटी लागत नाही. लोकर पिंपातून बाहेर काढली की आधी हिरवट-पिवळी दिसते आणि हवा लागता लागता डोळ्यांसमोर निळी होते. दगडफुलाच्या जातीतल्या काही वनस्पतींना तर काहीच पाजावं लागत नाही, त्या आपल्या आपण तपकिरी रंग धरतात. हिराकस घातला की कुठलाही रंग गडद आणि उदास होतो. पुस्तकात क्रोमसारखे क्षारही आहेत. ते विषारी असतात, त्यांच्या वाटेला घरात जाऊ नये. तुरटी-हिराकसची भांडीसुद्धा स्वयंपाकाची नकोत, वेगळी ठेवा.

आणि एक. गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकायची नाही, चोळायची तर मुळीच नाही. टाकलीत तर स्वेटरचं बाहुलीचं जॅकेट होतं. हे मी पुस्तकातून नाही, अनुभवातून सांगते आहे!

युद्धाच्या त्या वर्षांतच एथेल ससेक्समधल्या डिचलिंग गावी आली आणि तिथं तिनं ‘गॉस्पेल्स’ नावाचं घर उभं केलं. शेवटपर्यंत ती तिथं राहिली. घर म्हणजे काय, कार्यशाळाच. गावातल्या आणि लांबून आलेल्या मुली तिथं काततात, रंगवतात, विणतात, पगार घेतात. एका मागाला पुरेल एवढं सूत कातायला किती हात लागतात याची आपल्याला कल्पना नसते. आपल्याकडे धनगरांच्या घरी बायकांनी दिवसच्या दिवस लोकर कातावी तेव्हा सणगराच्या मागावर एक घोंगडी होते. त्या घोंगडीचा काळा-पांढरा म्हणजे मेंढीचाच रंग, वरून लावलेला नाही. एथेललाही मेंढीचे मूळचे रंग फार आवडत. करडा, तपकिरी, मळकट पांढरा आणि त्यात एखादीच मंजिष्ठेची लाल रेघ.

स्वभावानं मात्र ती गोड वगैरे नव्हती. तिच्याकडे शिकलेल्यांनी ती कडक होती असंच सांगितलं आहे. धागा मनासारखा नसेल तर पुन्हा काता. पण तिच्या हाताखालून माणसं घडली. एलिझाबेथ पीकॉक तिच्याकडे काम करून स्वतः नावाजलेली विणकर झाली. स्वित्झर्लंडहून आलेली मारियान स्ट्राउब तिच्याकडे कातणं-रंगवणं शिकली आणि पुढं लंडनच्या बसगाड्या आणि रेल्वेच्या सीटवरचं कापड तिनं डिझाइन केलं. हजारो लोक रोज ज्यावर बसत होते त्या कापडाच्या मागं डिचलिंगची शाळा होती, हे बसणाऱ्यांना कुठून कळणार? १९५० च्या सुमारास पीटर कॉलिंगवूड नावाचा डॉक्टर डॉक्टरकी सोडून तिच्याकडे आला. तोही मोठा विणकर झाला.

मला एथेल सगळ्यात जास्त आवडते ती तिच्या उतारवयात. हातकताई, झाडांचे रंग यांचा झेंडा जिनं आयुष्यभर मिरवला, तिला आता हट्टीपणा करून बसता आलं असतं. पण ती युरोपभर हिंडली, नवीन विणकर काय करतात ते बघितलं आणि गिरणीचं सूतही आपल्या मागावर घ्यायला लागली. १९३९ च्या पुस्तकात तर तिनं मांडलं की हातमाग आणि गिरणी यांनी भांडू नये. हातमागावर नवे नमुने सुचावेत, करून बघावेत आणि गिरणीनं ते कमी पैशात लोकांपर्यंत पोचवावेत. तिच्याच गोटातल्या काहींना हे रुचलं नसणार. पण सिलोनमध्ये तिनं बुडणारे कारागीर डोळ्यांनी बघितले होते. नुसत्या हळहळीनं कुणाचा माग चालू राहत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

त्याआधी दोनच वर्षं, १९३७ मध्ये, उद्योगासाठी उत्तम डिझाइन करणाऱ्यांना मिळणारा ‘रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री’ हा मान तिला मिळाला होता. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती. मान मिळाला आणि काम थांबलं, असंही झालं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरही गॉस्पेल्समध्ये माग चालू होते, शिकायला मुलं-मुली येत होती, आणि शाळेत विणकाम शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ती पुस्तकं लिहीत होती.

१९५२ च्या नोव्हेंबरात ती गेली, ऐंशी वर्षांची होऊन. तिच्या कापडाचे तुकडे आता डिचलिंगच्या म्युझियममध्ये जपलेले आहेत.

या महिन्यात मी मंजिष्ठा आणली, आयुर्वेदिक औषधं मिळतात त्या दुकानातून. दुकानदारानं विचारलं, काढा करायचाय का? मी हो म्हटलं. पन्नास ग्रॅम लोकर, तेवढीच मंजिष्ठा, रात्रभर भिजवून, मंद आचेवर. फोन आला म्हणून पाच मिनिटं लक्ष गेलं आणि उकळी फुटलीच. आता माझी लड विटकरी झाली आहे. उरलेल्या पाण्यात दुसरी लड टाकली आहे, आणि या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला आहे.