मेम्फिसचे सफाई कामगार आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग

१५ जानेवारी १९२९ रोजी अटलांटा येथे जन्मलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग माँटगोमेरीच्या बस बहिष्कारामुळे व १९६४ च्या नोबेल शांतता पुरस्कारामुळे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या अखेरच्या लढ्याविषयी मात्र आपल्याकडे क्वचितच बोलले जाते. तो नगरपालिकेच्या सफाई कामगारांचा लढा होता. या स्मरणिकेच्या वाचकांना तो परका वाटू नये.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा म्हणून दोन कृष्णवर्णीय कामगार कचरागाडीच्या मागील भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही चिरडले गेले. १२ फेब्रुवारीस सुमारे १३०० कामगारांनी काम थांबविले. पूर्णवेळ राबूनही त्यांच्यापैकी अनेकांचे घर सरकारी मदतीवाचून चालत नसे. तरीही वेतनवाढीहून मोलाची मागणी, माझ्या मते, संघटनेच्या मान्यतेची होती. मान्यतेवाचून कामगाराची तक्रार ऐकण्यास कोणी बांधील नसते. सार्वजनिक सेवकांचा संप बेकायदा आहे, असे सांगून महापौर हेन्री लोब यांनी ती नाकारली. आपण माणूस आहोत, एवढेच सांगणारे फलक घेऊन कामगार रस्त्यावर उतरले.

काही सहकाऱ्यांचा विरोध असतानाही किंग १८ मार्चला तेथे गेले. २८ मार्चच्या मोर्चाला हिंसक वळण लागले, एक सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मृत्यू पावला. तरी किंग पुन्हा आले. ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांची हत्या झाली. वय अवघे ३९. चार दिवसांनी पत्नी कोरेटा मोर्चाच्या अग्रभागी चालल्या. १६ एप्रिलला नगरपालिकेने संघटनेला मान्यता दिली, वेतनवाढही दिली.