हरवलेल्या सायकलीचा धनी
रोममधील एका गरिबाची सायकल चोरीस जाते व लहानग्या मुलासह तो ती शोधीत हिंडतो, एवढ्याशा कथेवर व्हित्तोरिओ डी सिका यांची कीर्ती पाऊण शतक उभी आहे. १९०१ साली सोरा येथे जन्मलेले हे गृहस्थ मूळचे लोकप्रिय नट. ‘बायसिकल थीव्हज’साठी (१९४८) एका अमेरिकन निर्मात्याने पैसा देऊ केला, अट एवढीच की, नायक कॅरी ग्रँट हवा. ती अव्हेरून डी सिकांनी लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातील कामगारास उभे केले. चित्रपट जगभर गाजला. माज्जोरानी मात्र पुढे खरोखरच बेकार झाला! कीर्ती कोणाची आणि तिची किंमत कोणी मोजली, हे विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

‘उम्बेर्तो डी’मध्ये (१९५२) निवृत्त वृद्धाचे दैन्य दाखविले, तेव्हा सरकारातील जुलिओ आंद्रेओत्ती यांनी देशाची बदनामी होते म्हणून दोष दिला, प्रेक्षकही फिरकले नाहीत. पैशासाठी (जुगाराचा नादही होताच) डी सिका हलक्याफुलक्या भूमिका करीत राहिले व १९७४ साली निवर्तले. सायकल मात्र केव्हाच मुंबईस पोचली होती. १९५२ च्या चित्रपट महोत्सवात बिमल रॉय यांनी ती पाहिली आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’मधला शेतकरी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढू लागला.