गोगलगाईंची नावनिशी लावणारे डॉ. ॲनंडेल

आपल्या उज्जयिनीला सप्तसागरांचे गाव म्हणतात, ते येथील पुरातन तलावांवरून. पावसाळा सरल्यावर एखाद्या तळ्याच्या काठी बसून पाण्यातील पान उलटून पाहिले, तर त्याच्या खालच्या अंगास चिकटलेली गोगलगाय बहुधा सापडते. एखादीचा शंख मळसूत्रासारखा निमुळता होत गेलेला, तर एखादीचा चकलीप्रमाणे एकाच पातळीत गुंडाळलेला. त्यात पाहण्याजोगे काय आहे, असे आपणांस वाटते. परंतु ह्याच क्षुद्र जिवांची ओळख पटविण्यासाठी एका थोर शास्त्रज्ञाने फार परिश्रम घेतले. त्यांचे नाव डॉ. टॉमस नेल्सन ॲनंडेल.

ॲनंडेल यांचा जन्म १५ जून १८७६ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडील नामांकित शस्त्रवैद्य होते. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रणेते लिस्टर यांच्यानंतर एडिंबरो विद्यापीठातील त्यांचे अध्यासन ॲनंडेल यांच्या वडिलांकडे आले. मुलाने मात्र हाती शस्त्र धरले नाही. रग्बी व ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर तो मलायात गेला आणि तेथील माणसे व प्राणी या दोहोंचा अभ्यास करून परतला. १९०४ साली ॲनंडेल कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये दुय्यम अधिकारी म्हणून आले आणि १९०७ मध्ये तेथील प्रमुख झाले. संग्रहालय म्हणजे केवळ वस्तू मांडून ठेवण्याची जागा नव्हे, ते संशोधनाचे पीठ असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच प्रयत्नाने १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली व तिचे पहिले संचालकपद त्यांच्याकडे आले. ही संस्था आजही कोलकात्यातून काम करीत आहे.

खोलीत बसून अभ्यास करणे ॲनंडेल यांना मानवत नसे. ओरिसातील चिल्का सरोवर, ब्रह्मदेशातील इनले, जपानातील बिवा, पॅलेस्टाइनमधील गॅलिली अशी कितीतरी सरोवरे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांतील जीवसृष्टीवरही त्यांनी १९१९ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. या भटकंतीत एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. शंखाच्या केवळ आकारावरून गोगलगाय ओळखू गेले तर फसगत होते. कारण पाणी संथ की वाहते, तळ चिखलाचा की खडकाळ, यांवर शंखाचे रूप बदलते. म्हणून आतील प्राणी तपासावा, त्याच्या जिभेवरील कानशीसारखे बारीक दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत आणि मगच त्यास नाव द्यावे, ही पद्धत त्यांनी व त्यांचे सहकारी डॉ. बैनी प्रशाद यांनी कसोशीने पाळली.

नावांचा हा खटाटोप निरर्थक पांडित्य नव्हे, हे पहिल्या महायुद्धाने दाखवून दिले. इजिप्तमध्ये लघवीतून रक्त जाण्याचा एक जुना रोग आहे. त्याचा कृमी थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याने १८५१ मध्ये कैरो येथे शोधून काढला होता. रोग्याच्या लघवीतून कृमीची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव गोगलगाईच्या शरीरात शिरतात. तेथे त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते, आणि मग दुभंगलेल्या शेपटीचे असंख्य डिंभ बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत घुसतात. गोगलगाईचा हा भाग लायपर यांनी इजिप्तमध्ये १९१५ साली सिद्ध केला. हिंदी सैनिक इजिप्त व मेसोपोटेमिया येथून घरी परतू लागले, तेव्हा सहजच प्रश्न उभा राहिला : त्यांच्यापैकी एखाद्याने रोग बरोबर आणला आणि गावच्या तळ्यात तो उतरला, तर त्या कृमीला आश्रय देणारी गोगलगाय आपल्या देशात आहे काय?

उत्तर द्यावयाचे तर आधी देशातील गोगलगाई ओळखीच्या हव्यात. ॲनंडेल यांनी ते काम अंगावर घेतले. मेसोपोटेमियातील शंख त्यांनी तपासले आणि १९२० मध्ये हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या गोगलगाई व त्यांतील पर्णकृमी यांच्या पाहणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. याच सुमारास मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन आणि आपले सोपारकर हे गुरांच्या अशाच एका रक्तकृमीच्या मागावर होते. हा कृमी वर सांगितलेल्या चकलीच्या आकाराच्या गोगलगाईत वाढतो, असे त्यांनी १९१८ मध्ये दाखविले. ही गोगलगाय भारतात सर्वत्र आढळते. तिच्या अंगातील रक्त आपल्यासारखे लाल असते, आणि शंखाच्या तोंडास झाकण नसते. तोवर तिची गणना प्लॅनॉर्बिस या युरोपीय प्रजातीत होत असे. ॲनंडेल व प्रशाद यांनी १९२१ मध्ये तिला निराळे काढून इंडोप्लॅनॉर्बिस हे नवे नाव दिले. तेव्हा कोणास कल्पना नव्हती, पण अलीकडील आनुवंशिक परीक्षणांत ती इजिप्तमधील रोगवाहक ब्युलिनस गोगलगाईची जवळची नातलग ठरली आहे. मानवी रोग मात्र तिच्यामुळे आपल्याकडे पसरल्याचे आढळले नाही. माणसांच्या व्यापारउदिमाबरोबर ती स्वतः मात्र पश्चिम आफ्रिका व वेस्ट इंडीजपर्यंत जाऊन पोहोचली आहे!

१९२४ साली बंगळूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद ॲनंडेल यांनी भूषविले. त्याच वर्षी १० एप्रिल रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले. वय अवघे सत्तेचाळीस. लग्न, संसार यांची उठाठेव त्यांनी केली नव्हती. मागे राहिले ते संग्रह, ग्रंथ आणि हाताखाली तयार झालेले भारतीय शिष्य.

पुढे १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी तोच लघवीतून रक्त जाण्याचा रोग आढळल्याचे गाडगीळ व शहा यांनी प्रसिद्ध केले. पुन्हा प्रश्न तोच आला : तेथील पाण्यात गोगलगाय कोणती? संशय गेला तो फेरिसिया नावाच्या एका जातीवर. तिच्या शंखास वेटोळे नाही. लहानशा टोपीसारखा, जेमतेम काही मिलिमीटरांचा तिचा आकार, आणि दगडाला व पानाला ती अशी चिकटून असते की नुसत्या डोळ्यांस ती ठिपक्यासारखी भासते.