क्लोरिनचे बारसे करणारे हम्फ्री डेव्ही

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील पेन्झन्स या बंदरगावी १७ डिसेंबर १७७८ रोजी हम्फ्री डेव्ही यांचा जन्म झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ मध्ये पितृछत्र हरपले आणि डेव्ही यांना गावातील एका वैद्याकडे उमेदवारी पत्करावी लागली. १८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम हे धातू वेगळे करून त्यांनी विद्वज्जनांना चकित केले.

प्राणवायूवाचून आम्ल नाही, ही त्या काळची धारणा. त्यामुळे शील यांनी १७७४ मध्ये मिळविलेला हिरवट वायूही प्राणवायूचे संयुगच मानला जाई. मात्र तप्त कोळशानेही त्यातून प्राणवायू निघेना. तेव्हा १८१० मध्ये डेव्ही यांनी तो मूलद्रव्य असल्याचे जाहीर करून त्याचे ‘क्लोरिन’ असे नामकरण केले.

योगायोग असा, की पुढच्याच वर्षी क्लोरिन आणि प्राणवायू यांचे संयुग त्यांच्याच हाती लागले. पोटॅशियम क्लोरेटवर आम्लाची क्रिया होऊन निघालेल्या पिवळ्या-हिरव्या वायूला त्यांनी ‘युक्लोरिन’ म्हटले. तो क्लोरिन व क्लोरिन डायऑक्साइड यांचे मिश्रण होता, हे पुढे उलगडले. जराशा उष्णतेनेही त्याचा स्फोट होई. १८१२ मध्ये नायट्रोजन ट्रायक्लोराइड या दुसऱ्या क्लोरिन-संयुगाच्या स्फोटात डेव्ही यांच्या डोळ्याला इजा झाली. लेखनिकाची गरज भासली आणि मायकेल फॅरेडे नावाचा बुकबाइंडर तरुण विज्ञानाच्या दारात आला.

क्लोरिन डायऑक्साइड ११ अंश सेल्सियसला उकळतो. हवेत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक झाले, तर तो स्फोटक ठरतो. म्हणून तो साठवीत नाहीत, लागेल तेथेच तयार करतात. मात्र इतर पदार्थांतील इलेक्ट्रॉन ओढून घेण्याचा त्याचा गुण मोलाचा आहे. त्यामुळेच कागदाचा लगदा पांढरा होतो आणि जंतू मरतात. १९४४ मध्ये अमेरिकेत नायगारा फॉल्स येथे पिण्याच्या पाण्याची दुर्गंधी घालविण्यासाठी तो वापरला गेला. २००१ मध्ये वॉशिंग्टनमधील हार्ट सिनेट इमारत अँथ्रॅक्समुक्त करण्यासाठीही त्याचाच आधार घेण्यात आला.

हेच रसायन औषध म्हणून पिण्यासाठीही विकले गेले. ते प्राणघातक ठरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला. वायू स्वतःच हुंगून पाहणारे डेव्ही एकदा मरणाच्या दारातून परतले होते. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. रसायन तारक की मारक, हे त्याची मात्रा आणि वापरणाऱ्याचा विवेक ठरवितात, हाच त्यांच्या चरित्राचा धडा.