इब्न सीना आणि मढची फेरीबोट

वर्सोव्याच्या मुलांना संवेग शिकवायचा तर आम्ही आधी मढच्या फेरीबोटीची गोष्ट काढतो. धक्का जवळ आला की इंजिन बंद होतं, तरी बोट पुढे सरकतच राहते. माणसं आणि मोटारसायकली भरलेली असेल तर तिला थांबवायला जास्त जोर लागतो. नववीच्या पुस्तकात संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. मुलं सूत्र पाठ करतात, पण इंजिन बंद झाल्यावर बोटीला पुढे नेतं कोण, हे विचारलं की वर्ग गप्प.

हाच सवाल हजार वर्षांपूर्वी अबू अली इब्न सीना यांनी हाताळला होता. आपल्या घरांत त्यांचं नाव हकीम म्हणूनच माहीत आहे. जन्म सन 980, बुखाऱ्याजवळच्या अफशना गावात. दहाव्या वर्षापर्यंत कुरआन पाठ झालं. हिंदी पद्धतीचा हिशोब शिकायला वडिलांनी त्यांना एका भाजीवाल्याकडे पाठवलं. (गणिताच्या ट्यूशनसाठी मोठी फी भरणाऱ्या पालकांना आम्ही हे आवर्जून सांगतो.) अॅरिस्टॉटलचं एक पुस्तक त्यांनी चाळीस वेळा वाचलं तरी कळेना. मग बाजारात तीन दिरहमला अल-फाराबींचं छोटं पुस्तक मिळालं आणि गाठ सुटली. त्या आनंदात त्यांनी गरिबांना खैरात वाटली.

पुढचं आयुष्य मात्र धावपळीचं. सामानी सत्ता कोसळली आणि ते शहरामागून शहर फिरत राहिले. हमदानमध्ये वजीर झाले, तर फौजच उलटली. अमीर शम्सुद्दौला वारल्यावर ते एका अत्ताराच्या घरी लपून बसले आणि जवळ पुस्तकं नसताना रोज पन्नासेक पानं लिहीत ‘किताबुश्शिफा’ पुढे नेली. मग फरदजानच्या किल्ल्यात चार महिने कैद. सुटल्यावर सूफीच्या वेशात इस्फहान गाठलं.

याच ‘शिफा’त फेकलेल्या दगडाचा विचार आहे. अॅरिस्टॉटलच्या मते हातातून सुटलेल्या दगडाला मागची हवा ढकलते. सहाव्या शतकात इस्कंदरियाच्या यह्या नहवींनी हे नाकारलं होतं. इब्न सीना म्हणाले, फेकणारा दगडात ‘मैल’ भरतो. हा मळ नव्हे. उर्दूत आपण ‘माइल होना’ म्हणतो, त्याच मुळातला हा अरबी शब्द, म्हणजे कल. हवेचा विरोध तो कल हळूहळू खातो. विरोध नसेल तर तो संपणारच नाही आणि वस्तू चालतच राहील.

न्यूटनच्या आधी सगळं आपल्याच लोकांनी शोधलं, असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. आम्ही वर्गात तसं सांगत नाही. अंतहीन गती इब्न सीनांना अशक्य वाटली, आणि त्यावरून त्यांनी पोकळीच असू शकत नाही असा निष्कर्ष काढला. दारापर्यंत आले, आत गेले नाहीत. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने वस्तूतला पदार्थ आणि वेग दोन्ही हिशोबात धरले. गतीचे नियम न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथात आले. पण इंजिन बंद झाल्यावर कारण बाहेरच्या हवेत न शोधता चालत्या वस्तूतच शोधायचं, ही दिशा ‘शिफा’त स्पष्ट आहे.

सन 1037 मध्ये इस्फहानच्या अमीरासोबत प्रवासात असताना पोटाचा जुना आजार बळावला. स्वतःवरचे त्यांचे इलाज चालले नाहीत. हमदानमध्ये इंतिकाल झाला. मजार आजही तिथेच आहे.