बारा दिवसांचे अंतर

१४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीत डॉ. कार्लोस फिनले यांनी एक निबंध वाचला. पीतज्वर एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारा वाहक हा घराघरांत आढळणारा एक विशिष्ट डास आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सभागृहात कोणी विरोध केला नाही आणि कोणी प्रश्नही विचारला नाही. दूषित हवा आणि रुग्णाचे कपडे यांनाच रोगाचे मूळ मानणाऱ्या त्या काळात ही कल्पना वेडगळपणाची ठरली. पुढे जवळजवळ वीस वर्षे फिनले यांच्याकडे एक विक्षिप्त डॉक्टर म्हणूनच पाहिले गेले.

३ डिसेंबर १८३३ रोजी क्युबातील पुएर्तो प्रिन्सिपे, म्हणजे आजच्या कामाग्वे शहरात त्यांचा जन्म झाला. वडील स्कॉटिश डॉक्टर, आई फ्रेंच. फ्रान्समध्ये शिकत असताना मज्जासंस्थेच्या एका आजाराने त्यांना गाठले. त्यातून ते बरे झाले, पण बोलताना अडखळण्याची सवय जन्मभर राहिली. १८५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते मायदेशी परतले आणि हवानात व्यवसाय करू लागले.

पीतज्वराचा ध्यास त्यांना तिथेच लागला. प्रारंभी त्यांनीही दोष हवेलाच दिला होता. हवेतील अल्कधर्मी गुण मोजण्यात त्यांची अनेक वर्षे गेली. १८७९ मध्ये अमेरिकेचे एक चौकशी मंडळ हवानात आले. त्याच्याबरोबर काम करताना, हा रोग रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो, ही बाब त्यांच्या मनात ठसली. मग रक्तवाहिनीत शिरून रोगाचे बीज बाहेर काढणारी आणि दुसऱ्याच्या अंगात सोडणारी सुई कोणती? हवानातील डासांच्या जाती तपासून त्यांनी जी निवडली, तिला आज आपण एडिस इजिप्ती म्हणतो. घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढणारा, डेंग्यू व चिकुनगुन्यामुळे मुंबई-पुण्याला पुरेपूर परिचित झालेला तोच हा डास.

तर्क अचूक होता. पुरावा मात्र उभा राहिना. सहकारी डॉ. क्लॉडियो डेल्गादो यांच्यासह फिनले यांनी शंभरावर स्वयंसेवकांना रुग्णांचे रक्त प्यालेले डास चावविले. काहींना सौम्य ताप आला, बहुतेकांना काहीच झाले नाही. टीकाकारांना तेवढे पुरले आणि त्यांना सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. फिनले रुग्णाला चावलेला डास बहुधा दोन ते पाच दिवसांतच निरोगी माणसावर सोडत. विषाणूला डासाच्या आतड्यात वाढून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला दहा-बारा दिवस लागतात. विषाणू ही कल्पनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

या अंतराचा माग लागला तो १८९८ मध्ये. मिसिसिपीतील खेड्यांत हेन्री कार्टर या अमेरिकन डॉक्टरने पाहिले की, घरातील पहिल्या रुग्णानंतर पुढचे रुग्ण दोन-तीन आठवड्यांनी येतात. १९०० साली वॉल्टर रीड यांचे लष्करी मंडळ हवानात आले, तेव्हा वृद्ध फिनले यांनी आपल्याजवळची डासांची अंडी कोणताही आकस न ठेवता त्यांच्या हाती दिली. बारा दिवसांपूर्वी रुग्णाला चावलेल्या डासाने मंडळातील जेम्स कॅरोल यांना मरणाच्या दारी नेले. दुसरे सदस्य जेसी लाझिअर २५ सप्टेंबर १९०० रोजी पीतज्वरानेच गेले, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी. त्यानंतरच्या काटेकोर प्रयोगांनी फिनले यांचा सिद्धान्त निर्विवाद ठरविला. १९०१ मध्ये विल्यम गॉर्गस यांनी डासांविरुद्ध मोहीम उघडून हवाना पीतज्वरमुक्त केले.

फिनले यांना चकविणारे हेच दिवस आज जनुकतज्ज्ञांचे लक्ष्य आहेत. डास मारण्याऐवजी त्याच्या शरीरातील विषाणूचा हा प्रवासच रोखावा, असा हा विचार. २००६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी एडिस इजिप्तीत असे जनुक बसविले की, रक्त पिताच आतड्यातील यंत्रणा डेंग्यूच्या एका प्रकाराच्या विषाणूचे जनुकीय द्रव्य तोडू लागे. काही पिढ्यांनंतर तो गुण लोपला. २०२० मध्ये सॅन डिएगोतील संशोधकांनी प्रतिपिंडाचे जनुक बसवून डेंग्यूचे चारही प्रकार डासातच अडविले, अर्थात प्रयोगशाळेत. बाहेरच्या जगात हे जनुक किती काळ टिकेल आणि विषाणू त्यावर तोड काढील काय, हे प्रश्न त्यापुढचे आहेत.

क्युबा स्वतंत्र झाल्यावर १९०२ मध्ये फिनले तेथील आरोग्य खात्याचे प्रमुख झाले. सिकंदराबादेत मलेरियाच्या डासाचे कोडे उलगडणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनीही नोबेलसाठी त्यांचे नाव सुचविले होते. एकूण सात वेळा त्यांचे नामांकन झाले, पण पारितोषिक लाभले नाही. अमेरिकेत श्रेय बराच काळ रीड यांच्याच नावावर राहिले. अंड्यांचा आणि मूळ कल्पनेचा उल्लेख रीड यांनी स्वतः केला होता, तरीही. ऑगस्ट १९१५ मध्ये हवानात फिनले यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, ३ डिसेंबर, लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत डॉक्टरांचा दिवस म्हणून पाळला जातो.