रेषांच्या बेरजेतून उमटलेलं चित्र

मैत्रिणींनो, 'पेट स्कॅन' हा शब्द आता तालुक्याच्या गावातही कानावर पडू लागलाय. गेली काही वर्षं मी बायकांना तपासणीसाठी शहरात सोबत म्हणून जाते. रिपोर्ट हातात आला, की बहुतेकींना एकच कोडं पडतं. पोट उघडलं नाही, आत कॅमेरा घातला नाही, मग आतलं चित्र आलं कुठून? मी कला शाखेची. पण हे कोडं मलाही स्वस्थ बसू देईना. डॉक्टरांना विचारत, वाचत गेले आणि एका नावापाशी पोचले. हा माणूस डॉक्टर नव्हता, यंत्रं बनवणाराही नव्हता. ते होते गणिताचे प्राध्यापक, योहान राडॉन. गणिताच्या जगात त्यांचं नाव फार मोठं, आपल्याला मात्र अनोळखी.

राडॉन यांचा जन्म १६ डिसेंबर १८८७ चा, बोहेमियातल्या टेचेन गावी. आज हे गाव झेक प्रजासत्ताकात आहे. वडील बँकेत हिशेबनीस. मुलगा हुशार निघाला आणि १९१० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून मोकळा झाला. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. राडॉन यांची नजर अधू, त्यामुळे त्यांना सैन्यात जावं लागलं नाही. १९१६ मध्ये मारिया रिगेले या शिक्षिकेशी त्यांचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी, ऐन युद्धात, त्यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला.

त्यात काय होतं? ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक ठिपक्यावर कुणी ज्वारीचे दाणे ठेवलेत, कुठे एक, कुठे पाच, कुठे काहीच नाही. वर कापड झाकलंय. तुम्हाला फक्त ओळींच्या बेरजा सांगितल्या जातात, आडव्या, उभ्या, तिरक्या, सगळ्या दिशांच्या. त्यावरून कुठल्या ठिपक्यावर किती दाणे, ते ओळखायचं. सगळ्या रेषांच्या बेरजा माहीत असतील तर झाकलेलं चित्र परत मिळवता येतं, हे राडॉन यांनी सिद्ध केलं आणि त्याचं सूत्रही दिलं. त्या वेळी याचा व्यवहारात उपयोग होईल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. निबंध जवळजवळ पन्नास वर्षं तसाच पडून राहिला.

संसार मात्र सोपा नव्हता. नोकरीसाठी हॅम्बुर्ग, ग्राइफ्सवाल्ड, एर्लांगन असं बिऱ्हाड हलत राहिलं. १९२८ पासून ते ब्रेस्लाऊला स्थिरावले. १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धाची आग तिथवर पोचली आणि तेही शहर सोडावं लागलं. तिन्ही मुलगे अकाली गेले. मारियाबाईंनी आणि त्यांनी हे दुःख कसं पचवलं असेल, याचा विचार करताना माझा तर जीव गलबलतो. राहिली एक मुलगी, ब्रिगिटे. तिनेही गणितातच डॉक्टरेट मिळवली. युद्धानंतर राडॉन व्हिएन्नाला परतले, विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि २५ मे १९५६ रोजी गेले. आपल्या सूत्राने रुग्णांचं काय भलं होणार आहे, हे त्यांना कळलंच नाही.

पुढे १९६३ मध्ये ॲलन कॉरमॅक यांनी क्ष-किरणांसाठी हेच गणित नव्याने शोधून काढलं. राडॉन यांचा निबंध त्यांना माहीतच नव्हता! कॉरमॅक आणि सीटी स्कॅनचं यंत्र बनवणारे हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. आपले जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनीही १९७१ मध्ये मोलाची भर घातली. मोजलेल्या बेरजा नुसत्या कागदावर उलट पसरल्या तर चित्र धूसर येतं. आधी त्या विशिष्ट रीतीने 'गाळून' घेतल्या तर चित्र स्वच्छ होतं. ही गाळणी त्यांनी सोपी आणि झटपट करून दिली.

पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सर्गी साखर टोचतात. ज्या पेशी साखर जास्त खातात, तिथे ती साचते. तिथून किरणांच्या जोड्या नेमक्या विरुद्ध दिशांना निघतात आणि भोवतीचं कडं त्या टिपतं. म्हणजे प्रत्येक जोडीमागे एक रेषा. पण हे किरण तसे मोजकेच, त्यामुळे नुसत्या गाळणीने चित्रात रेघोट्या उठतात. १९८२ मध्ये शेप आणि वार्डी यांनी दुसरी रीत सुचवली. आधी अंदाजाने चित्र मांडायचं, त्याच्या बेरजा मोजलेल्या बेरजांशी ताडायच्या, चूक सुधारायची, पुन्हा ताडायचं. आपण आमटीची चव घेत घेत मीठ बेताचं करतो ना, तसंच! आज बहुतेक पेट यंत्रं याच वाटेने चित्र काढतात.

२००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातलं पहिलं पेट स्कॅन सुरू झालं. आता ही सोय बऱ्याच शहरांत आहे. तरी आपल्या बायका घाबरतात. चित्रातला चमकता ठिपका पाहून काहीजणी तिथेच खचतात. पण मैत्रिणींनो, चमकणारा प्रत्येक ठिपका कॅन्सर नसतो. मेंदू नेहमीच भरपूर साखर घेतो, मूत्राशयात ती साचते आणि क्षयाची गाठही चमकू शकते. म्हणून चित्राचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा मधुमेह असेल, तर ते सुईच्या आधी सांगा. आणि डॉक्टरांनी तपासणी सांगितली, तर घरातलं कार्य उरकू दे, मुलांच्या परीक्षा होऊ देत, असं म्हणत ती लांबणीवर टाकू नका. मुलं गमावलेल्या त्या बापाचं गणित आज कुणाच्या तरी आईला वेळेवर उपचार मिळवून देतंय. ती आई आपल्या गल्लीतलीही असू शकते.